दुपारी बंद पडणाऱ्या पिकअपचा ईसीयू बदलताना

वरुड तालुक्यातल्या आमच्या भागात मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, संत्री फेब्रुवारीपासून उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत जलालखेडा, काटोल मार्गे नागपूरच्या कळमना बाजाराकडे गाड्यांची ये-जा सुरू असते. माझी पिकअप याच कामावर आहे. ती भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची असून पहिल्या मालकाकडून वापरलेली घेतलेली आहे. यंदा होळीनंतर ती भर दुपारी चालता चालता बंद पडू लागली, आणि बऱ्याच तपासण्यांनंतर शेवटी तिचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलावा लागला. तो बदलण्याचे काम तसे थोड्या वेळाचे होते. खरा वेळ आणि खरी अक्कल लागली ती दोष ईसीयूचाच आहे हे सिद्ध करण्याला. आमच्याकडे गॅरेजमध्ये ‘कॉम्प्युटर गेला’ हे वाक्य फार लवकर ऐकायला मिळते, पण ते कशावरून, हे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. म्हणून ही हकीकत तपशिलाने लिहीत आहे.

गाडीचे लक्षण असे होते. पहाटे किंवा रात्री ती कितीही ओझे घेऊन कितीही अंतर विनातक्रार जाई. ऊन चढले, इंजिनाचा कप्पा तापला, की अकरा-साडेअकरानंतर केव्हातरी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर येई आणि इंजिन शांत होई. आचके नाहीत, धूर नाही, ताकद हळूहळू कमी होणे नाही. सेल्फ मारला तर इंजिन व्यवस्थित फिरे, पण पेटत नसे. बॉनेट उघडून सावलीत अर्धा-पाऊण तास थांबले की पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होई. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती इतकी ठणठणीत होई की तपासणाऱ्याला काहीच सापडत नसे. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत उतरून जाणाऱ्या तापासारखा हा प्रकार होता.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांना अशा दोषात सर्वप्रथम डिझेल आठवते आणि ते स्वाभाविक आहे. त्या इंजिनांना एकदा सुरू झाल्यावर डिझेल, हवा आणि दाब यांखेरीज फारसे काही लागत नसे. कॉमन रेल इंजिनाचे तसे नाही. त्यात पंप केवळ दाब तयार करतो आणि दाबाखालचे डिझेल ‘रेल’ या सामाईक नळीत साठते. हा दाब मंद गतीवर साधारण २५० ते ३०० बार आणि पूर्ण ओझ्यावर १६०० बारपर्यंत जातो. ते डिझेल कोणत्या इंजेक्टरमधून, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीतून, कोणत्या क्षणी आणि किती वेळ सोडायचे हे ईसीयू ठरवतो. क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडून इंजिनाची स्थिती, रेलच्या सेन्सरकडून दाब आणि ॲक्सिलरेटरच्या पॅडलकडून चालकाची मागणी समजली, की मिलिसेकंदाच्या हिशेबाने इंजेक्टर उघडला जातो. यातले काहीही एक थांबले की रेलमध्ये डिझेल भरलेले असूनही इंजिन बंद पडते. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज ६ लागू झाल्यावर आमच्या गावागावांतल्या मालवाहू गाड्याही याच पद्धतीच्या झाल्या, मात्र त्या तपासण्याची पद्धत गावापर्यंत तेवढ्या वेगाने पोहोचली नाही.

सुरुवातीला डिझेल फिल्टर बदलला, त्यातले पाणी काढले, टाकीपासूनच्या नळ्या पाहिल्या. फरक पडला नाही. त्यानंतर क्रँक सेन्सर बदलला गेला. ही शंका मला आजही रास्त वाटते, कारण तापल्यावर मरणारा आणि गार झाल्यावर जिवंत होणारा सर्वांत ओळखीचा भाग तोच आहे. सेन्सरच्या आतली बारीक तारेची गुंडाळी उष्णतेने प्रसरण पावून तुटते आणि थंडाव्यात पुन्हा जुळते. पण नवा सेन्सर बसवूनही गाडी दुपारी थांबलीच. मग एका गॅरेजने मीटरही न लावता कॉम्प्युटर गेल्याचे सांगितले आणि भंगारातून आलेला दुसरा बसवून देण्याची तयारी दाखवली. ते निदान पुढे बरोबर निघाले, पण त्या दिवशी त्याला कोणताही आधार नव्हता. मी गाडी तशीच परत आणली.

त्यानंतर ज्या वायरिंग मिस्त्रींकडे गेलो, त्यांची कामाची रीत मला फार भावली. त्यांनी ईसीयूला हातच लावला नाही. आधी बॅटरी तपासली. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, इंजिन सुरू असताना १४.१. हे आकडे चांगले होते. मग मीटरची एक दांडी इंजिनाच्या ठोकळ्यावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरून सेल्फ मारायला सांगितले. अर्थिंग नीट असेल तर तिथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. आमच्याकडे ०.७ दिसले. अर्थिंगच्या केबलचे टोक हिरवे-पांढरे पडले होते. ते घासून, नवा लग लावून बसवल्यावर आकडा ०.१ वर आला. मला वाटले, दोष सापडला. मिस्त्री म्हणाले, ‘‘भाऊ, हा एक दोष होता. तोच दोष आहे का, ते दुपारी कळते.’’ दुपारी गाडी पुन्हा बंद पडली.

हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगाही त्यांनी पाहिला. आमच्या शेतातल्या शेडमध्ये उंदीर आहेत आणि त्यांनी एका ठिकाणी वायरींवरची टेप कुरतडली होती, पण आतले तांबे शाबूत होते. इंजिन सुरू ठेवून हार्नेस ठिकठिकाणी हलवून पाहिला तरी इंजिनाची गती बदलली नाही. पहिल्या मालकाने डाल्याला वरची जाळी वेल्डिंग करून घेतली होती. ती पाहून मिस्त्रींनी विचारले की वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढली होती का. ते कळायला मार्ग नव्हता. आर्क वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून परत जातो आणि वाट मिळाली तर ईसीयूच्या अर्थिंगमधूनही जातो, म्हणून अशा गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टोके आणि ईसीयूचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून ठेवावे लागतात. आमच्याकडे चौकाचौकांत जाळ्या आणि पायऱ्या वेल्डिंग करून मिळतात, पण ही काळजी घेणारे फार थोडे आहेत.

यापुढची तपासणी गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच व्हायला हवी, यावर मिस्त्री ठाम होते. सकाळी घेतलेल्या कोणत्याही मापाला या दोषात किंमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे एका दुपारी संत्र्याचे क्रेट भरून आम्ही दोघे जलालखेड्याच्या रस्त्याला लागलो. अपेक्षेप्रमाणे गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली त्यांनी जे केले, तोच या सगळ्या प्रक्रियेचा गाभा होता.

आधी किल्ली ऑन करून त्यांनी डॅशबोर्ड पाहायला सांगितले. एरवी किल्ली ऑन करताच इंजिनाचा चेक लाइट लागतो. तो ईसीयू जागा झाल्याची खूण असतो. आता तो लागतच नव्हता. मग पॅडलजवळच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ईसीयूकडची माहिती वाचणारा स्कॅनर जोडला. स्कॅनरचा स्वतःचा दिवा लागला, म्हणजे सॉकेटला बॅटरी आणि अर्थिंग मिळत होती, पण इंजिनाच्या ईसीयूकडून उत्तर येत नव्हते. क्रँक सेन्सरचा दोष आणि ईसीयूचा दोष इथे वेगळे होतात, आणि हा फरक मला तोवर कोणी सांगितला नव्हता. सेन्सर मेला असता तर ईसीयू स्कॅनरशी बोलला असता, सेल्फ मारताना आरपीएम शून्य दाखवला असता आणि बहुधा क्रँक सेन्सरच्या दोषाचा पी०३३५ हा कोडही दिला असता. इथे बोलणाराच गप्प होता.

पण गप्प असणे म्हणजे बिघडलेला असणे नव्हे. त्याला वीजच मिळत नसेल तरी तो गप्पच राहील. म्हणून त्यांनी ईसीयूच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने बारीक सुई घालून मेन रिलेकडून, म्हणजे ईसीयूला वीज देणाऱ्या मुख्य स्विचकडून, येणारा पुरवठा मोजला. १२ व्होल्टच्या वर होता. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. कपलर काढून त्या पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये त्यांनी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडला. ‘‘मीटर बारा दाखवते, पण वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बाराच दाखवते. बल्ब पेटला पाहिजे,’’ असे ते म्हणाले. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे ईसीयूपर्यंत येणारी वीज ओझ्याखालीही टिकत होती आणि अर्थिंगही भक्कम होते.

आता कपलर परत लावून सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मोजायचा होता. ईसीयू बॅटरीच्या १२ व्होल्टपासून स्वतः हे स्थिर ५ व्होल्ट तयार करतो आणि रेल प्रेशर सेन्सर, पॅडल वगैरेंना देतो. तिथे जेमतेम काही दशांश व्होल्ट होते. इथेही घाई करता येत नाही, कारण एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तोही हे ५ व्होल्ट खाली ओढतो आणि निर्दोष ईसीयू बळी जातो. त्यामुळे त्यांनी रेल प्रेशर, पॅडल आणि ५ व्होल्टवर चालणारे बाकीचे सेन्सर एकेक करून काढले आणि प्रत्येक वेळी माप घेतले. सगळे सेन्सर काढल्यावरही ५ व्होल्ट परत आले नाहीत. आत जाणारी वीज पूर्ण, बाहेर येणारी वीज नाही, आणि बाहेर ओढणारे कोणी नाही.

शेवटी सेन्सर पुन्हा जोडून त्यांनी थंड पाण्याची बंद बाटली फडक्यात गुंडाळली आणि ईसीयूच्या ॲल्युमिनियमच्या खोक्यावर टेकवून ठेवली. इंजिन तेवढेच तापलेले होते, उन्हाची धगही तीच होती, थंड होत होता तो एकटा ईसीयू. थोड्या वेळाने किल्ली ऑन केली तर चेक लाइट लागला, ५ व्होल्ट आले आणि गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड इंजिनावर, याच्या उलट करून पाहिले. इंजिन सुरू ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने फक्त ईसीयू बेताने गरम केला. इंजिन बंद पडले. या दोन कसोट्यांनंतर मला खर्चाची खंत राहिली नाही, कारण पैसे कशाला लागणार आहेत हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे तीन वाटा होत्या. जुना ईसीयू उघडून दुरुस्त करून घेणे, भंगारातला घेऊन त्यात जुन्याची माहिती उतरवणे, किंवा नवा घेणे. दुरुस्ती सर्वांत स्वस्त होती. उष्णतेने प्रसरण आणि थंडाव्यात आकुंचन होऊन आतल्या डागकामाला बारीक तडे जातात आणि कुशल माणूस ते पुन्हा डागू शकतो. मात्र एका सांध्याला तडा गेला असेल तर शेजारच्यांचे आयुष्यही तेवढेच झालेले असते. भंगारातला घेताना नुसते मॉडेल जुळून चालत नाही. खोक्यावरचा हार्डवेअर क्रमांक अक्षर न् अक्षर जुळावा लागतो आणि त्याने किती उन्हाळे काढले हे कोणी सांगू शकत नाही. ही गाडी नाशवंत माल वाहते. कळमन्याला संत्री दुपारभर रस्त्यात तापून पोहोचली तर भाव पडतो आणि नुकसान ज्या शेतकऱ्याचा माल आहे त्याचेही होते. म्हणून चाळीस हजारांच्या घरातला खर्च सोसून मी नवा, हमीसह मिळणारा ईसीयू मागवला.

नवा ईसीयू कोरा येतो. त्याला या गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर, योग्य सॉफ्टवेअर, किल्लीतल्या चिपशी जुळणी आणि चारही इंजेक्टरांचे संकेत द्यावे लागतात. यातले इंजेक्टरांचे संकेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. कारखान्यात तयार होणारे कोणतेही दोन इंजेक्टर अगदी सारखे डिझेल सोडत नाहीत. प्रत्येकाचा हा बारीक फरक तपासून त्याच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा एक संकेत कोरलेला असतो, आणि ईसीयू त्यानुसार प्रत्येकाचा उघडण्याचा वेळ सुधारतो. आमचा जुना ईसीयू अजून पुरता मेलेला नव्हता. थंड वेळी तो बोलत होता. म्हणून मिस्त्रींनी नवा येण्याची वाट न पाहता त्याच पहाटे स्कॅनरने त्यातले सगळे संकेत आणि क्रमांक वाचून कागदावर उतरवले आणि स्क्रीनचे फोटोही काढले. ज्यांचा ईसीयू अधूनमधून बंद पडतो आहे, त्यांनी निदान एवढे तरी तातडीने करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तो कायमचा बंद पडल्यावर ही माहिती मिळवणे फार जिकिरीचे होते.

कागदावर उतरवलेले संकेत त्यांनी इंजेक्टरांशी ताडून पाहिले. डोक्यावरची चिखल-तेलाची पुटे डिझेलच्या ब्रशने काढून, आरसा धरून ते वाचले. तीन जुळले. तिसऱ्या सिलिंडरचा जुळला नाही. पहिल्या मालकाच्या काळात केव्हातरी तो इंजेक्टर बदलला गेला होता, पण नव्याचा संकेत ईसीयूत भरलाच नव्हता. गाडी घेतल्यापासून सकाळी थंड इंजिनात जो ठकठक आवाज येई आणि ज्याला सगळे ‘या इंजिनाचा आवाजच असा’ म्हणत, त्याचे कारण असे अचानक समोर आले.

जोडणीचे काम शहरातल्या वर्कशॉपमध्ये केले, कारण सॉफ्टवेअर भरताना इंटरनेट लागते आणि वीज मध्येच जाऊन चालत नाही. सॉफ्टवेअर उतरत असताना व्होल्टेज खाली आले किंवा जोडणी तुटली तर नवा ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकतो. त्यासाठी गाडीच्या बॅटरीला समांतर दुसरी भरलेली १२ व्होल्टची बॅटरी जोडली, हेडलाइट आणि पंखा बंद ठेवला, लॅपटॉपही आधीच चार्ज केला होता. बसवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी काढले आणि काही वेळ थांबलो, कारण इंजेक्टर उघडण्यासाठी ईसीयू आत बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज साठवतो. कपलरच्या पिना एकेक करून भिंगाने पाहिल्या, दोन पिनांवर हिरवट थर होता, तो इलेक्ट्रॉनिक भागांसाठीच्या क्लीनरने साफ केला. मग कपलरचा खटका पूर्ण बसेपर्यंत दाबला, आणि ऋण टोक सर्वांत शेवटी जोडले.

किल्ली ऑन केल्यावर चेक लाइट लागला, इमोबिलायझरचा, म्हणजे चिपवाल्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या कुलपाचा, दिवा विझला. पहिल्या सेल्फला रेलचा दाब चढायला थोडा वेळ लागला, दुसऱ्याला इंजिन पेटले. तिसऱ्या इंजेक्टरचा खरा संकेत आता आत होता आणि ठकठक जवळपास नाहीशी झाली. मंद गतीवर दाब २८० बारच्या आसपास स्थिर होता. त्यानंतर मी मिस्त्रींना घेऊन पुन्हा भर दुपारी, क्रेट भरून, त्याच रस्त्याने काटोलपर्यंत गेलो. एप्रिलचे ऊन होते. स्कॅनर सतत जोडलेला होता आणि ५ व्होल्टचा आकडा संपूर्ण वाटेत जागचा हलला नाही.

आमच्या गाडीत ईसीयू इंजिनाच्या कप्प्यात, केबिनच्या पत्र्याला लागून आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात तिथली उष्णता टाळता येत नाही, पण कमी करता येते. इंजिनाच्या बाजूने ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा, ईसीयूपासून बोटभर अंतर सोडून, हवा खेळती राहील असा लावला आहे. खोक्याच्या तळाची झिजलेली रबरी बुशे बदलली, म्हणजे खडबडीत रस्त्याचे हादरे थेट बसणार नाहीत. कपलरकडे जाणारा हार्नेस थोडा खाली झोळ देऊन बांधला आहे, कारण वायरींवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, कपलरमध्ये शिरत नाही. गाडी धुणाऱ्या मुलाला बॉनेटखाली प्रेशरचा फवारा मारू नको म्हणून सांगितले आहे.

इंजेक्टरांचे संकेत, ईसीयूचा हार्डवेअर क्रमांक आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक लिहिलेला कागद आता आरसीच्या पाकिटात असतो. जुना ईसीयू मी वर्कशॉपमधून परत मागून घेतला आणि दुरुस्तीसाठी दिला आहे. तो उष्णतेच्या कसोटीवर टिकला तर अडचणीच्या वेळेपुरता जवळ राहील. मात्र तो लावण्याआधी त्यातही तिसऱ्या इंजेक्टरचा संकेत बदलून घ्यावा लागेल. जूनमध्ये पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर नव्याचे कपलर उघडून पाहिले. आतला भाग कोरडा होता आणि पिना स्वच्छ होत्या.